पलटणीतले पणजोबा: सैनिक पूर्वजाचा माग काढताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणात, साताऱ्याकडे, कोल्हापूरच्या वरच्या अंगाला अनेक गावांत चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली दिसते. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके गेले, त्यांपैकी इतके कामी आले, एवढाच मजकूर. नाव एकाचंही नाही. ते आकड्यातले पणजोबा कोण, कुठल्या पलटणीत होते, परत आले की नाही, हे शोधणाऱ्यांसाठी हे पान आहे. यात मुख्यतः पहिल्या महायुद्धातल्या मराठा पलटणी आणि मेसोपोटेमिया म्हणजे आजचा इराक धरला आहे. दुसऱ्या महायुद्धाबद्दल शेवटी शेवटी.

घरात एवढंच सांगतात की “पणजोबा बसऱ्याला गेले होते.” यावरून काही सापडेल का?

सापडेल. “बसऱ्याला गेले” ही दोन शब्दांची आठवणसुद्धा बरंच सांगून जाते. पुणे डिव्हिजन नावाने ओळखलं जाणारं सहावं डिव्हिजन नोव्हेंबर १९१४ मध्ये इराणच्या आखातात फाओला उतरलं आणि बसरा घेऊन नदीच्या काठाने वर सरकत गेलं. त्यात मराठा पलटणी होत्या: १०३, ११० आणि ११७. पुढे १०५, ११४ आणि ११६ याही पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. म्हणजे मराठी शिपाई आणि बसरा हे दोन धागे जुळले की शोध पाच-सहा पलटणींवर येतो.

आता हवा आहे नंबर. शिपायाचा नंबर आणि पलटणीचा नंबर. नाव तिसऱ्या क्रमांकावर. एकाच पलटणीत तीन तीन गणपत जाधव असायचे. नंबर मात्र पलटणीत एकाचाच.

हा नंबर कुठे मिळेल?

बहुतेक वेळा घरातच. ट्रंक, देव्हाऱ्यामागचा कोनाडा, आजीचा बटवा, माळ्यावरचा पत्र्याचा डबा. पहिल्या महायुद्धातली पदकं नावानिशी दिली जात. चांदीचं गोल पदक, एका बाजूला पंचम जॉर्जचं डोकं, ते वॉर मेडल. पंख असलेल्या देवतेचं काशासारखं दिसणारं, इंद्रधनुषी फितीचं, ते व्हिक्टरी मेडल. या दोन्हींच्या कडेवर, नाण्याला जिथे कंगोरे असतात तिथे, बारीक इंग्रजी अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. तारा असेल तर मजकूर पाठीमागे. मेसोपोटेमियात १९१५ संपायच्या आत पोचलेल्याला १९१४-१५ चा तारा मिळाला; तारा नाही आणि दोन गोल पदकं आहेत, तर माणूस बहुधा १९१६ मध्ये किंवा त्यानंतर रणांगणावर पोचला.

वॉर मेडल चांदीचं नसून काशाचं असेल तर त्याला कमी लेखू नका. ते लढणाऱ्या शिपायांऐवजी पलटणीबरोबरच्या ‘फॉलोअर’ लोकांना मिळे: भिस्ती, खेचरवाले, स्वयंपाकी, मजूर. त्यांचाही माग काढता येतो.

चांदीची पदकं दुष्काळात सोनाराकडे गेली, हे बहुतेक घरांत ऐकायला मिळतं. मग डिस्चार्जचा दाखला, पेन्शनचं पुस्तक, मनीऑर्डरच्या पावत्या, बोर्डावर चिकटवलेला पलटणीचा फोटो, काहीही चालेल.

आमच्याकडे एक मोठी पितळी ताटली आहे. सिंह आणि बाई कोरलेली. हे कसलं पदक?

ते पदक नव्हे. साधारण १२ सेंटीमीटर व्यासाची, ब्रिटानिया आणि सिंह असलेली ही काशाची चकती युद्धात मेलेल्याच्या वारसाला दिली जाई. तिच्यावर नाव असतं, पण हुद्दा नसतो आणि पलटणही नसते. घरात ती असेल तर पणजोबा वाचले की नाही या प्रश्नाचं उत्तर तुमच्या हातात आहे. ज्या घरांत ती अनेक वर्षं शौर्यपदक म्हणून पूजली गेली, त्यांना हे सांगताना मला दर वेळी जड जातं.

पदकावर ११० लिहिलंय, पण काका म्हणतात पणजोबा “पाचव्या मराठा”त होते. खरं काय?

दोन्ही खरं असू शकतं. पलटणींचे नंबर दोनदा बदलले आणि त्यात भले भले फसतात.

१९०३ मध्ये मुंबईच्या जुन्या पलटणींच्या नंबरात शंभर मिळवले गेले. तिसरीची १०३वी झाली, पाचवीची १०५वी, दहावीची ११०वी. १९२२ मध्ये या सगळ्या एकत्र करून ‘पाचवी मराठा लाइट इन्फंट्री’ ही रेजिमेंट झाली आणि प्रत्येक जुनी पलटण तिची एक बटालियन बनली. १०३ पहिली, १०५ दुसरी, ११० तिसरी, ११६ चौथी, ११७ पाचवी. ११४ची दहावी म्हणजे प्रशिक्षणाची बटालियन झाली आणि बेळगावात बसली. ३/५ असं लिहिलेलं दिसलं तर त्याचा अर्थ पाचव्या रेजिमेंटची तिसरी बटालियन, म्हणजे मूळची ११०.

आता ‘पाचवी’ म्हणजे काय याचे तीन अर्थ झाले. १९०३ च्या आधीची पाचवी, १९२२ नंतरची पाचवी बटालियन आणि अख्खी रेजिमेंटच. त्यात १०५वीला ‘काळी पाचवी’ म्हणत आणि १०३वीला ‘जंगी पलटण’. म्हणून घरातल्या म्हाताऱ्यांना नंबर विचारू नका, पलटणीला काय म्हणायचे ते विचारा. नंबर विसरतो, टोपणनाव नाही विसरत.

सेवेची पूर्ण फाइल मिळेल का?

पहिल्या महायुद्धातल्या साध्या शिपायाची पूर्ण फाइल मिळेल, ही आशा धरून सुरुवात करू नका. पेन्शन न घेता बाहेर पडलेल्या जवानाची कागदपत्रं २५ वर्षांनी नष्ट करण्याचा नियमच आहे. इंटरनेटवर वाचायला मिळतं की १९४० च्या लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात कागद जळले. ते ब्रिटिश सैन्यातल्या गोऱ्या शिपायांचे. आपले कागद तिकडे नव्हतेच.

उरतो तो ‘लाँग रोल’, म्हणजे पलटणीची हजेरीवजा मोठी वही: नंबर, नाव, बापाचं नाव, गाव, भरतीची आणि नाव कटल्याची तारीख. मराठा लाइट इन्फंट्रीचं अभिलेख कार्यालय बेळगावात आहे. तिथे पत्र पाठवताना नंबर, नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका, तेव्हाचा जिल्हा, भरतीचं अंदाजे साल आणि तुमचं नातं एवढं एका पानात, सुटसुटीत लिहा. भावना कमी, आकडे जास्त. एका भल्या माणसाने पत्राच्या पहिल्या दोन पानांत शिवरायांपासून सुरुवात केली होती. नंबर तिसऱ्या पानावर, तोही खोडलेला. माहिती अधिकाराचा अर्जही लोक करतात, पण जो कागदच नाही तो कायद्याने उगवत नाही.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही एकदा जाऊन या, विशेषतः पूर्वज दुसऱ्या महायुद्धातले असतील तर. राज्य सरकार त्या युद्धातल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना मानधन देतं, त्यामुळे नावं तिथल्या दप्तरात आलेली असतात.

ते जिवंत परत आले की नाही, हे नक्की कसं ठरवायचं?

इथे दोन टोकांनी यावं लागतं.

पहिलं टोक मृतांच्या यादीचं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन ही १९१७ मध्ये स्थापन झालेली संस्था ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळात मेलेल्या प्रत्येक सैनिकाची नोंद ठेवते; दुसऱ्या महायुद्धासाठी ही मुदत ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. यादी तिच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येते. नीट शोधूनही नाव नसेल, तर माणूस वाचल्याचा तो पहिला पुरावा. पहिला, शेवटचा नव्हे. यादीतूनही नावं सुटली आहेत, हे त्या संस्थेनेच २०२१ च्या अहवालात कबूल केलं.

दुसरं टोक गावाचं, आणि माझ्या मते हे जास्त पक्कं. गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही. पणजोबांच्या नावावर १९१९ नंतर मूल जन्मल्याची नोंद असेल तर बाकी पुराव्याची गरजच नाही. तसाच फेरफार, गाव नमुना ६. युद्धाच्या काळात वारसाचा फेरफार झालेला असेल, जमीन बायकोच्या किंवा भावाच्या नावावर गेलेली असेल, तर काळजी वाटावी. हीच जमीन पुढे १९३० च्या सुमारास त्यांनी स्वतः गहाण टाकलेली दिसली तर काळजी मिटली. कर्जाचा कागद बघून इतका आनंद झालेली माणसं मी पाहिली आहेत.

यातलं बरंच मोडी लिपीत असतं. कुणबी नोंदींच्या शोधामुळे गेल्या काही वर्षांत मोडी वाचणाऱ्यांना तालुक्याच्या गावीही मागणी आली आहे. त्यांच्याकडूनच हे कागद वाचून घ्या.

मृतांच्या यादीत नाव शोधतो, पण काहीच येत नाही. कुठे चुकतंय?

बहुधा स्पेलिंगमध्ये. लिहिणारा कारकून मराठी नव्हता आणि शिपायाला इंग्रजी येत नव्हतं. जाधवच्या शेवटी कधी व्ही, कधी डब्ल्यू, कधी ओ. पवारमधल्या पचा पो झालेला. शिंदेचं सिंदे, भोसलेत मध्येच एक एन घुसलेला. आडनाव गाळून नुसतं स्वतःचं आणि बापाचं नावही बऱ्याच वेळा दिसतं: रामा भिकाजी, बाळा विठू.

शिवाय आपल्या सैनिकांचं अख्खं नाव बऱ्याचदा आडनावाच्या रकान्यात भरलेलं असतं, त्यामुळे नाव आणि आडनाव वेगळं टाकलं की शोध रिकामा येतो. मी नावाच्या वाटेला सुरुवातीला जातच नाही. पलटण टाकायची, युद्ध निवडायचं आणि जादा माहितीच्या रकान्यात गावाचं किंवा तालुक्याचं नाव. तिथे बाप, गाव, तालुका, जिल्हा असा पत्ता बऱ्याचदा असतो.

जिल्हे मात्र तेव्हाचे. रायगड शोधू नका, कुलाबा शोधा; नाव १९८१ मध्ये बदललं. सिंधुदुर्ग त्याच वर्षी रत्नागिरीतून निघाला, आणि त्यातला सावंतवाडीचा भाग तर संस्थानच होता. वाळवा, तासगाव, खानापूरचे लोक साताऱ्यात सापडतील.

यादीत नाव आहे, मग स्मारकाच्या फोटोत का दिसत नाही?

कारण ते कोरलंच नव्हतं. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि थडगं नसलेल्या ४०,००० हून अधिक सैनिकांचं स्मारक बसऱ्याला आहे. अधिकाऱ्यांची आणि गोऱ्या शिपायांची नावं तिथे कोरली गेली. हिंदी शिपायांच्या वाट्याला पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा आला. नावं छापील वहीत राहिली. गावच्या पाटीवर आकडा, बसऱ्याच्या दगडावरही आकडा. सद्दामच्या काळात, १९९७ मध्ये, ते स्मारक मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेलं.

इंडिया गेटवर तर असेल ना?

पणजोबा मेसोपोटेमियात गेले असतील तर तिथे शोधण्यात अर्थ नाही. तिथली १३,००० हून अधिक नावं प्रामुख्याने वायव्य सरहद्दीवर आणि १९१९ च्या अफगाण युद्धात पडलेल्यांची आहेत.

पणजोबा कूतच्या वेढ्यात होते असं ऐकलंय. त्यांचं पुढे काय झालं असेल?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि माझ्या घरचाही हाच आहे.

नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला जनरल टाउनशेंडची फौज अडली आणि मागे फिरून टायग्रिस नदीच्या वळणातल्या कूत-अल-अमारा गावात शिरली. ७ डिसेंबरला तुर्कांनी वेढा घातला. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी आत अडकल्या. सोडवायला आलेल्या फौजेचे हजारो लोक वाटेतच पडले. जवळजवळ पाच महिन्यांनी, २९ एप्रिल १९१६ रोजी, सुमारे १३,००० जण शरण गेले.

तुमच्या पूर्वजाबद्दल आता चार शक्यता उरतात. वेढ्यात मरण, कैदेत मरण, कैदेतून सुटका, किंवा वेढा पडण्याआधीच जखमी होऊन बसऱ्याला रवानगी. चौथी शक्यता लोक विसरतात. टेसिफॉनच्या जखमींना बोटींतून खाली पाठवलं होतं, त्यामुळे “पलटण कूतमध्ये होती” म्हणजे “पणजोबा कूतमध्ये होते” असं नव्हे.

कैद्यांना बगदाद, मोसूल करत रास-अल-ऐनपर्यंत चालवत नेलं. हिंदी कैद्यांपैकी पुष्कळांना तिथे बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. वाटेत आणि छावण्यांत भूक, जुलाब आणि तापाने हजारो गेले. टाउनशेंड स्वतः इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात होते. ३० ऑक्टोबर १९१८ च्या युद्धबंदीनंतर उरलेल्यांची सुटका झाली, म्हणून कूतचा कैदी घरी आला तो १९१९ च्या आगेमागे, हे धरून गावचे कागद बघा.

कैद्यांसाठी जिनेव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसकडे पहिल्या महायुद्धाची कार्डं आणि याद्या आहेत. २०१४ पासून त्या ऑनलाइन उघड्या आहेत. नाव टाकून शोधायची सोय नाही. कपाटातले खण उघडावेत तसं अक्षरानुसार पानं उलटत जावं लागतं. पलटणीवार याद्याही आहेत. एक रविवार राखून ठेवा.

मृतांच्या यादीतल्या तारखेवर मात्र फार विसंबू नका. कैदेत कोण कधी गेलं हे बऱ्याचदा परत आलेल्यांनी सांगितलं तेव्हा कळलं, आणि काहींची तारीख नुसती गृहीत धरलेली आहे. वर्षश्राद्ध कुठल्या तिथीला घालायचं असं विचारणाऱ्यांना मी सर्वपित्री सुचवतो.

वॉर डायरी म्हणजे काय? त्यात पणजोबांचं नाव असेल?

पलटणीने रोज लिहायची ती रोजनिशी. लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यूओ ९५ या मालिकेत त्या आहेत. शिपायाचं नाव जवळजवळ नसतंच. गोरा अधिकारी पडला तर नावानिशी, आपले पडले तर “शिपाई चार”. तरीही वाचा. त्या दिवशी पाऊस होता का, किती मैल चालले, पाणी मिळालं का, हे तिथेच आहे. फाइल नसलेल्या माणसाचा दिवस पलटणीच्या दिवसावरून उभा करावा लागतो.

आम्ही महार समाजातले. त्या काळी भरती बंद होती म्हणतात, मग पणजोबा सैन्यात कसे?

दोन्ही गोष्टी खऱ्या. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. भीमा-कोरेगावच्या स्तंभावरची ‘नाक’ने संपणारी नावं त्यांचीच, आणि जुन्या यादीत असा ‘नाक’ दिसला तर शोधाला दिशा मिळते. १८९० च्या दशकात ही भरती बंद केली गेली. या बंदीविरुद्ध गोपाळबाबा वलंगकर आणि पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज केले. महायुद्धात माणसं कमी पडल्यावर १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध आटोपल्यावर मोडली. नंतरची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ची, बेळगावातच उभी राहिलेली. तेव्हा आधी पूर्वजाचं साल ठरवा: भरतीबंदीच्या आधीचे, १९१७ चे की १९४१ नंतरचे. तिन्हींची कागदपत्रं वेगळी.

आजोबा बोटीवर होते, पलटणीत नव्हते. त्यांची नोंद?

रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे असंख्य खलाशी युद्धात बुडाले. मुंबईत मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धातल्या २,००० हून अधिक खलाशांचं स्मारक आहे. त्यांची नावंही वर सांगितलेल्या यादीतच, फक्त पलटणीऐवजी जहाजाच्या नावाने शोधा.

दुसऱ्या महायुद्धातल्या आजोबांसाठी काही वेगळं करायचं का?

पद्धत तीच, मुलूख वेगळा. बटालियन कळली की नकाशा उलगडतो. दुसरी बटालियन असेल तर जून १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेतलं तोब्रुक पडलं तेव्हा ती जवळजवळ अख्खी कैद झाली. आजोबा मग इटलीत कैदेत, आणि सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शस्त्रं ठेवल्यावर काही डोंगरात निसटले, काहींना जर्मनांनी उत्तरेला नेलं. चौथी असेल तर मार्च १९४४ चं सांगशाक, मणिपूरच्या डोंगरातलं. तिसरी असेल तर इटली. नाईक यशवंत घाडगे तिसरीचेच, माणगाव तालुक्यातले. १० जुलै १९४४ रोजी त्यांनी एकट्याने मशिनगनचा मोर्चा घेतला आणि तिथेच पडले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण थडगं सापडलं नाही. नाव इटलीतल्या कॅसिनो गावच्या स्मारकावर आहे. व्हिक्टोरिया क्रॉसवाल्याचं थडगं मिळत नाही, तर तुमच्या आजोबांचं मिळालं नाही म्हणून खट्टू होऊ नका.

सिंगापूरला कैद होऊन आझाद हिंद सेनेत गेले असतील, तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळापासून सुरुवात करा.

घरची गोष्ट आणि नोंद जुळत नाही. कशावर विश्वास ठेवायचा?

तारीख, नंबर, जागा यांसाठी नोंदीवर. बाकीच्यासाठी घाई करू नका. आमच्या घरी एक गोष्ट बायकांत कुजबुजत सांगायचे: पणजोबांनी लढाईत घोडा खाल्ला, म्हणून परत आल्यावर प्रायश्चित्त घ्यावं लागलं. काका चिडायचे, म्हणायचे भावकीने रचलेलं आहे. पुढे कळलं की कूतमध्ये धान्य संपत आल्यावर घोडे आणि खेचरं कापली गेली, हिंदी शिपाई किती तरी आठवडे हात लावेनात, धर्मगुरूंची परवानगी हिंदुस्थानातून मागवली गेली, आणि एप्रिलमध्ये पुष्कळांनी अखेर ते खाल्लं. पणजोबांच्या पदकावर पलटण ११० आहे. मृतांच्या यादीत ते नाहीत आणि आजोबांचा जन्म १९२१ चा. जी गोष्ट लपवायची होती, तीच त्यांचा कूतमधला पुरावा निघाली.

पदक काळं पडलंय. घासून लख्ख करू का?

अजिबात नको. चिंच नको, राख नको, लिंबू नको. मऊ कोरड्या कापडाने धूळ पुसा, कडेवरचा मजकूर तिरप्या उजेडात धरून फोनवर फोटो काढा आणि कागदात गुंडाळून ठेवा. आमच्याकडे दर दसऱ्याला शस्त्रांबरोबर पदकही चिंचेने घासलं जायचं. पलटणीचे तीनही आकडे अजून वाचता येतात; पणजोबांच्या नंबरातला शेवटचा आकडा मात्र तीन आहे की आठ, ते आता कुणालाच सांगता येत नाही.